डोब्रिचच्या मावशीचा गहू

डॅन्यूबकाठच्या आमच्या लोम गावात माणूस मेला की त्याचे नातेवाईक आधी माझ्याकडे येतात आणि मग पाद्र्याकडे जातात. दवाखान्याच्या फाटकासमोर माझं छपाईचं छोटं दुकान आहे. तिथे मी तीस वर्षं शोकपत्रकं छापतोय. काळी चौकट, वर क्रॉस, मध्ये फोटो, नाव, वय, दोन ओळींचा मजकूर आणि तळाला शोक करणाऱ्यांची नावं. हा कागद दारावर, बसथांब्यावर, विजेच्या खांबांवर आणि लिंडनच्या झाडांवर चिकटवायचा. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने पुन्हा नवा. जिवंतपणी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तो मेल्यावर रोज अख्ख्या गावाच्या नजरेला नजर देत उभा असतो. मला सगळ्यांची वयं तोंडपाठ आहेत. त्यामुळे रस्त्यात मी दिसलो की लोक जरा लगबगीने पुढे जातात.

मी खोटं बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काही गोष्टी तेवढ्या ठळक टायपात सांगतो.

ही गोष्ट आमच्या इमारतीतल्या झोर्नित्साची. मी तळमजल्यावर, ती चौथ्यावर. वय एक्केचाळीस, एकटी, आणि धंदा घरी बसून लिहिण्याचा. कुणी जे मागेल ते ती लिहायची. गाद्यांच्या एका कंपनीसाठी तिने एकशे चाळीस गाद्यांची वर्णनं लिहिली होती, एकासारखं दुसरं नाही, आणि त्यातल्या एकाही गादीवर ती कधी झोपली नव्हती. महापौरांनी शाळेत जे भाषण वाचून स्वतःच डोळे पुसले, ते तिचं. एका संकेतस्थळाचं राशिभविष्यही तीच लिहायची. एका आठवड्यात तिची दाढ दुखत होती, तर बाराही राशींना तिने दातांची काळजी घ्यायला सांगितलं. सोमवारी आमच्या दंतवैद्याच्या दारात रांग लागली, ती कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण त्या रांगेत मीही होतो.

शिवाय तीन पुस्तकं. एक आचाऱ्याचं, एक जनरलच्या विधवेचं, एक मधमाश्या चावून घेऊन संधिवात बरा करणाऱ्या गृहस्थाचं. शब्द न् शब्द हिचा आणि मुखपृष्ठावर नावं त्यांची.

इमारतीच्या हिशेबाने मात्र झोर्नित्सा बेकार होती. सकाळी ती कुठे जात नाही, संध्याकाळी कुठून येत नाही, मग कामाला आहे असं म्हणायचं कशावरून? त्यामुळे तिची बेल वाजायची. कुरिअरवाला अख्ख्या जिन्याची पार्सलं तिच्याकडे ठेवायचा. गॅसचं मीटर बघणाऱ्याला सगळ्यांच्या चाव्या तिच्याकडे मिळायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मेतोदीला वीज कंपनीला तक्रार लिहून हवी असायची, दर आठवड्याला, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा जास्त अपमानकारक. तिसऱ्या मजल्यावरची वासिल्का आपलं मांजर सोडून बाजारात जायची. आणि सगळे उंबऱ्यावर एकच वाक्य म्हणायचे, "तू काय, घरीच असतेस ना!"

एका गुरुवारी मी जिन्यात बसून मोजलं. दुपारच्या जेवणापर्यंत एकोणीस वेळा बेल. विसावी माझीच, मला मीठ हवं होतं.

तिने दार उघडलं तेव्हा तिच्या कानात इअरफोन होते आणि चेहरा उतरलेला.

"ल्युबेनकाका, मीठ घ्या, अख्खी बरणी घ्या, पण पुन्हा येऊ नका," ती म्हणाली. "मंगळवारी दुपारी बाराला मला पुस्तक द्यायचंय. अजून नव्वद पानं बाकी आहेत."

"कुणाचं पुस्तक?"

"पहिलवान द्रागिएवचं. टेपवर अकरा तास बोललाय तो. त्यातले तीन तास सूर्यफुलाच्या बिया फोडतोय आणि एक तास चक्क घोरतोय."

"मग उशीर झाला तर झाला. पहिलवान काय, पळून जातोय?"

तिने दार थोडं लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. राजधानी सोफियातला संपादक म्हणाला होता की हे वेळेवर आलं तर पुढचं पुस्तक तिच्या नावाने. तिचं स्वतःचं, मुखपृष्ठावर तिचं नाव. एक दिवस जरी उशीर झाला, तर तो दुसरं कुणीतरी बघणार होता. वीस वर्षं ती लिहीत होती आणि तिच्या नावाने छापलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे घरपट्टीची पावती.

हे ती सांगत असताना खालून वासिल्का मांजर घेऊन वर येत होती.

"काका," झोर्नित्सा म्हणाली, "लोक कुठली बेल वाजवत नाहीत?"

मी धंद्याचा माणूस. मला दुसरं काय सुचणार? "जिथे दारावर काळी चौकट असते तिथली."

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. वासिल्का पोहोचेपर्यंत ठरलंसुद्धा.

मयत व्यक्ती अशी हवी होती की लोममध्ये तिला कुणी ओळखत नसावं. म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाचं डोब्रिच निवडलं. तिकडे आमच्या गावातलं कुणी जात नाही, जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. त्सोन्का, वय अठ्ठ्याहत्तर, झोर्नित्साची मावशी. पुरून झाली, बातमी उशिरा कळली. फोटोचा प्रश्न होता. माझ्याकडे खणभर फोटो आहेत, पण ते सगळे गावातल्या मेलेल्यांचे. शेवटी मी स्वतःच बायकोचा जुना रुमाल कानांमागून डोक्याला बांधला, मिशी बोटाने झाकली आणि फोटो काढला. बोट नंतर संगणकावर पुसून टाकलं. माणूस म्हणून मी काही खास नाही, पण मावशी म्हणून बरा दिसतो.

शुक्रवारी सकाळी सातला मी कागद चौथ्या मजल्यावरच्या दारावर लावला, चौकटीला काळी फीत लावली आणि खाली येऊन कॉफी ठेवली. आठ वाजले, नऊ वाजले. कुरिअरवाला आला, दाराशी गेला, टोपी काढली आणि पार्सलं घेऊन पावलं न वाजवता उतरला. पार्सलं माझ्याकडे ठेवली. मेतोदी वीज कंपनीचं बिल घेऊन चढला आणि ते खिशात घालून परत आला. वरून तिच्या टायपिंगची टकटक ऐकू येत होती, पाऊस पडावा तशी एकसारखी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दहाला वासिल्का वर गेली. मी जिन्यात उभा होतोच.

ती पत्रकापुढे थांबली. वाचलं. मग फोटोकडे बराच वेळ बघत राहिली, आधी लांबून, मग चष्मा लावून जवळून. आणि मग तिने बेल वाजवली.

"काय गं पोरी, आणि सांगितलं नाहीस!" तिने झोर्नित्साला दारातच कवटाळलं. "एकटी तू! तुझ्या मावशीसाठी गहू कोण शिजवणार?"

हे आम्ही दोघेही विसरलो होतो. तीस वर्षं मेलेल्यांच्या जिवावर जगून मी हे विसरलो, याची मला अजून लाज वाटते. काळी चौकट लागली की कुणी काही मागायला येत नाही हे खरं. पण द्यायला सगळे येतात. मेलेल्याच्या नावाने गहू शिजवायचा, त्यात साखर आणि अक्रोड घालायचे आणि शेजारपाजाऱ्यांना वाटायचा. घेणारा म्हणतो, 'देव तिला क्षमा करो'. ज्या घरात हे करायला बाईमाणूस नाही, तिथे अख्खा जिना बाईमाणूस होतो.

अकराला तिच्या स्वयंपाकघरात पाच बायका होत्या. वासिल्का त्यांची सेनापती.

"गहू सात पाण्यांनी धुवायचा," ती सांगत होती. "आणि शिजला की कोरडा करायला पसरायचा. टेबल कुठलं मोठं आहे?"

टेबल एकच होतं. त्यावर पहिलवान होता.

"वासिल्काकाकू, त्यावर नको, मी तिथे काम..."

"शोकात कसलं काम? सरक बघू जरा."

पांढरी चादर अंथरली. दुपारी तीन किलो वाफाळता गहू झोर्नित्साच्या लिहिण्याच्या टेबलावर पसरला गेला आणि मधोमध, खळ्यात घर बांधावं तसं, तिचं यंत्र राहिलं. ती दोन हात गव्हावरून पुढे काढून टाइप करत होती. एक दाणा बटणाखाली गेला. पहिलवानाचं बालपण त्या दाण्यासकटच लिहून झालं.

मी चौथ्या मजल्यावर कधी नव्हे इतका गेलो. मला गहू आवडतो.

पाचच्या सुमारास बायका कॉफी घेऊन तिच्याभोवती बसल्या. शोक करणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि कुणीतरी विचारलंच, "पण हे तू बडवतेयस तरी काय सकाळपासून?"

झोर्नित्साने माझ्याकडे पाहिलं. मी गहू खात होतो, मदत करू शकत नव्हतो.

"मावशीचं... मावशीचं आयुष्य लिहून काढतेय," ती म्हणाली. "विसरायला नको."

"वाच की मग!" वासिल्का म्हणाली.

काय करणार? तिने समोर होतं तेच वाचायला घेतलं. पहिलवानाची मावशी करत, अडखळत. सतराव्या वर्षी मावशीने मेंढा खांद्यावर घेऊन नदी ओलांडली. जत्रेत मावशीने अस्वलाला आडवं केलं, आणि अस्वलाच्या मालकाने तिला वर्षभर अस्वलाच्या जागी काम देऊ केलं. इस्तंबूलमध्ये मावशीने एका तुर्काला कमरेत धरून असा फेकला की तो पंचाच्या टेबलावर जाऊन बसला आणि त्याने स्वतःच निकाल लिहिला.

कुणी हसलं नाही. उलट आमच्या मेतोदीने मान डोलावली. तो दारात उभा राहून वाटी चाटत होता.

"त्सोन्का! आठवतेय मला," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तर साली वार्नाला मी हिच्याबरोबर नाचलोय. पकड काय होती! आठवडाभर खांदा वर होत नव्हता."

"तुझा खांदा कशानेच वर होत नाही," वासिल्का म्हणाली. "गप खा." आणि झोर्नित्साकडे वळून, "पोरी, हे सगळं जिंकणंच आहे. कितीदा जिंकली ते मोजून मला काय करायचंय? ती कधी हरली की नाही?"

पहिलवान अकरा तासांत एकदाही हरला नव्हता. त्याने तसं बजावूनच ठेवलं होतं. झोर्नित्साने मला नंतर सांगितलं की तिने जुने निकाल काढून पाहिले होते आणि तो दोनदा हरला होता. एकदा तर कान तुटता तुटता राहिला होता.

"दोनदा हरली," झोर्नित्सा म्हणाली.

"मग ते सांग. हरून घरी आली तेव्हा दार कुणी उघडलं? तिच्यापुढे काय वाढलं? मला ते कळल्याशिवाय मी तिच्यासाठी रडू कशी?"

झोर्नित्साने गव्हावरून हात पुढे काढले. मग तिथल्या तिथे, आमच्यासमोर लिहायला लागली, आणि लिहीत लिहीतच वाचत गेली. हरलेला माणूस रात्रीच्या गाडीने गावी आला. आईने दार उघडलं, कानाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. घेवड्याचं सूप वाढलं, भाकरीचा तुकडा मोडून त्यात घातला आणि तो खाईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली. मध्येच 'तो' आणि 'ती' यांची तिची गल्लत झाली, पण ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. वासिल्का रुमालाने डोळे टिपत होती. मेतोदी म्हणाला की सूप पातळ झालं असणार, आणि चार बायका एकदम त्याच्या अंगावर ओरडल्या.

शनिवार, रविवार, सोमवार, रोज पाचला असंच. पण एक झालं. दिवसभर दारात वासिल्का खुर्ची टाकून बसायची आणि बेल वाजायच्या आत माणसाला गाठायची. "आत लिहिणं चाललंय," ती कुरिअरवाल्याला दटावायची, "पाय वाजवू नकोस." तीच बाई, जी पंधरा वर्षं मांजर सोडायला येत होती. मांजर आता माझ्याकडे होतं.

मंगळवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना पुस्तक सोफियाला गेलं, त्यात हरण्याचं प्रकरण तसंच. काढायला वेळ नव्हता असं ती म्हणते. मला विचाराल तर वेळ होता.

बुधवारी पहिलवानाचा फोन आला. मी गव्हाची शेवटची वाटी संपवत होतो. तिने फोन टेबलावर ठेवला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. बराच वेळ नुसत्या बिया फुटत होत्या. मग त्या थांबल्या.

"मी सांगितलं होतं, मी हरलो नाही," पहिलवान म्हणाला.

"हो," झोर्नित्सा म्हणाली.

"ते सुपाचं तुला कुणी सांगितलं?"

"शेजारणीने."

एक बी फुटली. "घेवडा नव्हता," तो म्हणाला. "मसूर होती. बदल ते." आणि फोन ठेवला.

तिने मसूर केली. बाकी पुस्तकात त्याने कानामात्रेचाही बदल सुचवला नाही.

संपादकाने मात्र तीन आठवडे घेतले. आमच्याकडून वस्तू मिनिटावर मागतात, आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे कॅलेंडर असतं. शेवटी फोन आला तेव्हा मी नव्हतो, पण तिने मला शब्दशः सांगितलं, आणि ती त्या बाबतीत माझ्यापेक्षा विश्वासू आहे.

"उत्तम झालंय," संपादक म्हणाला. "पुढचं पुस्तक तुमच्यासाठी तयार आहे. पहिलवानाचा वस्ताद. फार बोलका माणूस."

"पुढचं माझं होतं. माझ्या नावाने."

"नाव? अहो, जगलाय तो, नाव त्याचंच यायला हवं ना? पण तुमचाही विचार केलाय आम्ही. आभाराच्या पानावर टाकतोय, 'टंकलेखनासाठी झोर्नित्सा पेन्चेवा यांचे आभार'."

हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मीठ हवं का, असंही तिने मला मध्ये विचारलं. मी नको म्हटलं.

तोवर चाळिसावा दिवस जवळ आला होता. मला वाटलं होतं की मावशीला आता हळूच विसरून जाऊ. पण वासिल्का माझ्या दुकानात आली, तीही सगळ्या जिन्याची वर्गणी घेऊन.

"चाळिसाव्याचं पत्रक काढायचंय त्सोन्काचं. मोठं. आणि मजकूर तुझ्या त्या ठरलेल्या दोन ओळींचा नको. पोरीला लिहू दे."

पोरीने लिहिलं. एका दुपारीत, कुणी पान मोजून मागितलेलं नसताना. कागद माझ्या हातात देऊन ती निघून गेली. मजकूर असा होता:

'डोब्रिचची त्सोन्का जाऊन चाळीस दिवस झाले. तिने मेंढा खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, अस्वलाला आडवं केलं, आणि एकदा हरून घरी आली तेव्हा तिच्या आईने काही न विचारता तिच्यापुढे मसूर वाढली. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी तिच्यासाठी गहू सात पाण्यांनी धुतला. माती तिला हलकी होवो.'

तळाला शोक करणाऱ्यांची नावं बारीक टायपात जुळवायची असतात. मी ती सगळी गाळली आणि त्यांच्या जागी एकच नाव जुळवलं. झोर्नित्सा पेन्चेवा. मयताच्या नावाचा जो टाइप, तोच. तीस वर्षांत असं मी कुणासाठी केलेलं नाही, आणि नियमात ते बसतही नाही. साठ प्रती काढल्या. बायकांनी त्या बसथांब्यापासून डॅन्यूबच्या धक्क्यापर्यंत चिकटवल्या. मी संध्याकाळी फेरफटका मारला. धक्क्यावर दोन मासेमार वाचत उभे होते. एकजण वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचत होता. दुसरा तळाच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "ही कोण? लिहिते छान."

झोर्नित्सा बसथांब्यावरच्या पत्रकापुढे उभी होती, हातात दुधाची बाटली. मी जवळ गेलो तरी तिने मान वळवली नाही.

"काका, टाइप चुकलाय."

"म्हातारा झालो."

"हं," ती म्हणाली. दोन बसगाड्या येऊन गेल्या, तरी ती तिथेच होती.

परत येताना जिन्यात वासिल्का भेटली. तिच्या हातात एक जास्तीची प्रत होती आणि ती फोटोकडे बघत होती.

"कान तुझे आहेत," ती म्हणाली.

मी केस कानांवर ओढले.

"पहिल्या दिवशीच ओळखले. असे कान लोममध्ये दुसऱ्या कुणाला नाहीत, देवाची कृपा."

"मग बोलली का नाहीस?"

"मांजर कुणाकडे ठेवायचं, हाच विचार करत उभी होते दारात. आणि मग बेल वाजवून बसले. बेल वाजवली की काहीतरी बोलायला लागतं. गहू सुचला." ती दोन पायऱ्या चढली. "आणि एकदा भिजत घातला म्हटल्यावर काय करणार होते?"

त्यानंतर आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मी जिन्यात मोजलं. दुपारपर्यंत तेवीस वेळा बेल. गावभरातून लोक येत होते, काही तर पलीकडच्या खेड्यांतून. कुणाला वडिलांचं वर्षाचं पत्रक लिहून हवं होतं, कुणाला सासूचं, पण जरा बेताने. एका निरोगी गृहस्थाला स्वतःचं आगाऊ हवं होतं, वाचून बघायला. "नाव खाली टाकाल ना तुमचं?" सगळे विचारत होते. "बसथांब्यावर होतं तसं, मोठं." आणि तिने वेळ नाही म्हटलं की उंबऱ्यावर उभे राहून म्हणत होते, "असं काय करता, घरीच असता ना?"

संध्याकाळी ती दुकानात आली. खुर्चीवर बसली. वस्तादाचं पुस्तक तिने नाकारलं होतं आणि आपलं स्वतःचं सुरू केलं होतं, कुणीही न मागता. चौदा पानं झाली होती. पंधराव्यावर बेल वाजली होती.

"काका," ती म्हणाली, "यंत्र चालू आहे का?"

"चालूच असतं. कोण गेलं?"

"मामा. लांबचे. तुर्गोविश्तेचे." तिने माझ्याकडे नीट पाहिलं, कानांकडेही. "या वेळी रुमालाची गरज नाही."

मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि फोटोसाठी केस विंचरायला घेतले. वरती, तिसऱ्या मजल्यावर, वासिल्काने गहू भिजत घातल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तुम्ही म्हणाल गहू भिजण्याचा आवाज होत नाही. आमच्या इमारतीत होतो.